‘रावळपिंडी’चा बळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘रावळपिंडी’ या ब्रिटिश जहाजाला मी ‘फुकट गेलेला बळी’ म्हटलं हा तिच्या कॅप्टन केनेडींच्या शौर्याचा अपमान आहे, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय, मोठ्या प्रवासी जहाजावर तोफा चढवल्या की ती युद्धनौकाच, मग तशाच तोफा चढवलेल्या ‘जर्विस बे’ या ब्रिटिश जहाजाचं काय, असाही तुमचा सवाल आहे.

केनेडींच्या धैर्याबद्दल वादच नाही. माझा आक्षेप त्यांना तिथे पाठवणाऱ्यांवर आहे. ‘रावळपिंडी’ ही पी अँड ओ कंपनीची १९२५ सालची, मुंबईच्या टपालसेवेसाठी बांधलेली बोट. युद्ध सुरू होताच तिचं मागचं धुराडं उतरवलं, राखाडी रंग फासला आणि सहा इंची आठ तोफा बसवल्या. त्या तोफा पहिल्या महायुद्धाच्याही आधीच्या बनावटीच्या. चिलखत नाही, वेग जेमतेम सतरा नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल), आणि केबिनांचे मजले रचलेली उंच बाजू म्हणजे शत्रूला आयतं निशाण. २३ नोव्हेंबर १९३९ला आइसलँड आणि फेरो बेटांच्या दरम्यान तिची गाठ ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाऊ’ या जर्मन युद्धनौकांशी पडली. दोघींच्या मिळून अकरा इंची अठरा तोफा, वेग तिशीच्या वर. म्हणजे पळायचीही सोय नव्हती. ‘रावळपिंडी’चा एक गोळा ‘शार्नहोर्स्ट’वर बसला, पण चाळीस मिनिटांत खेळ आटोपला. २३८ माणसं गेली, केनेडीही. वाचले मोजकेच.

शत्रू दिसल्याची खबर देण्याचं काम तिने केलं, मान्य. पण अशा बोटीला युद्धनौका समजून गस्तीवर ठेवायचं आणि मग पदकांची भाषा करायची, हे मला पटत नाही.

तिची बहीण ‘राजपुताना’. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ऑगस्ट १९३१ अखेर मुंबईहून निघाले ते हिच्यावरूनच. तिच्यावरही तोफा चढल्या आणि एप्रिल १९४१मध्ये आइसलँडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. तिसरी, ‘रांची’, पुढे सैन्य वाहून नेण्याच्या कामाला लागली, युद्धातून वाचली, नंतर ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघालेल्यांना नेत राहिली आणि १९५३मध्ये मोडीत निघाली. माणसं वाहणं हाच या बोटींचा धर्म. ‘क्वीन मेरी’ या प्रवासी बोटीने जुलै १९४३मध्ये एका खेपेत १६,६८३ माणसं अटलांटिकपार नेली, ती वेगाच्या जोरावर. अठ्ठावीस नॉटने धावणाऱ्या बोटीला पाणबुडीने गाठायचं कसं? (त्या वेगाची किंमतही होती: ऑक्टोबर १९४२मध्ये सोबतच्याच ‘क्युरासो’ या क्रूझरला तिने मधोमध कापलं आणि हुकूम असल्यामुळे न थांबता पुढे गेली. तीनशेहून जास्त खलाशी मेले.)

आता ‘जर्विस बे’. ५ नोव्हेंबर १९४०ला ती एकटी ‘ॲडमिरल शेअर’ या जर्मन युद्धनौकेवर चालून गेली आणि बुडाली, पण तेवढ्या वेळात ती ज्याला संरक्षण देत होती त्या व्यापारी ताफ्यातली बहुतेक जहाजं अंधारात पांगली. तिथे मरण्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पडलं, म्हणून तिला मी फुकट गेलेला बळी म्हणणार नाही. ‘रावळपिंडी’मागे तर वाचवायला ताफाच नव्हता. त्यामुळे माझा शब्द मी मागे घेत नाही.