तक्रार घेता, मत कधी घेणार?

खड्ड्याचा फोटो काढायचा, अ‍ॅपवर टाकायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा. याला हल्ली 'लोकसहभाग' म्हणतात. खड्डा बुजला तर आनंदच आहे, पण रस्ता खोदायच्या आधी कुणी विचारलं होतं का?

विचारायची सोय कायद्यात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्यालाही 1993 पासून किती वर्षं झाली बघा. महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्र सभाही आहे, म्हणजे भागातल्या मतदारांची बैठक. तुमच्या भागात एक तरी झालेली आठवते का? मार्च 2022 मध्ये आमच्या सोलापूर महापालिकेची मुदत संपली, निवडणूक 2026 पर्यंत रखडली आणि तोवर शहर प्रशासकाकडे राहिलं. नगरसेवकच नव्हते, तेव्हा दाद कुणाकडे मागायची होती?

मग उरतो पेठेतला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पार्किंगचा विषय निघतो, तिसऱ्या मेसेजला पक्ष येतो, पाचव्याला जात येते. ॲडमिन 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' करून मोकळा होतो. सकाळी पुन्हा गुलाबाची फुलं आणि 'आज पाणी येणार का ओ?'

तैवानमध्ये यावर एक अफलातून युक्ती केली. 2015 मध्ये उबरवरून वाद पेटला होता. तिथं 'पोलिस' नावाची ऑनलाइन पद्धत वापरली (आपल्या खाकीवाल्यांचा काही संबंध नाही). त्यात कुणीही एक छोटं विधान मांडायचं. बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा 'पुढे' एवढंच दाबायचं. उत्तर द्यायचं बटणच नाही! भांडायला जागाच नाही. टोकाची मतं असलेल्या गटांना नेमकं कुठलं विधान पटतंय, ते यंत्र वेगळं काढून दाखवतं. प्रवाशांचा विमा, चालकाचा परवाना अशा मुद्द्यांवर दोन्ही बाजू जवळ आल्या आणि पुढच्या नियमांत ते दिसलं. नंतर तो उपक्रम मंदावला, कारण लोकांचं म्हणणं मानायचं बंधन सरकारवर नव्हतं. मला वाटतं खरी मेख इथंच आहे.

बार्सिलोनाने 2016 मध्ये नागरिकांची मतं घेणारं 'देसिदिम' हे संकेतस्थळ सुरू केलं. त्याचा कोड सगळ्यांना फुकट आहे, म्हणजे पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. समोरासमोरच्या बैठकांतलं म्हणणंही तिथं नोंदवतात. आणि लांब कशाला, पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. त्यात उणिवा आहेत, पण निदान विचारतात तरी.

सोलापुरात मात्र नुसतं मराठी अ‍ॅप काढून भागायचं नाही. पूर्वभागात तेलुगू घरोघरी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचा फोन बहुतेक वेळा पोराच्या हातात असतो. तिला टाइप करायला सांगू नका. तिच्या भाषेत बोलून मत नोंदवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी माणसानं विडी कारखान्यात माल द्यायच्या वेळेला जाऊन बसलं पाहिजे. नाहीतर जुळे सोलापूरच्या चार सोसायट्यांचं मत 'शहराचं मत' म्हणून छापून येईल.

माझं मागणं फार मोठं नाही. सुरुवात पाण्याच्या वेळेपासून करा. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं हे आम्हाला पाठ आहे, पण आमच्या भागात ते रात्री दोनला सोडायचं की पहाटे पाचला, एवढं तरी आधी विचारा. जे ठरेल ते का ठरलं, कुणाचं म्हणणं का घेतलं नाही, हे महिनाभरात सहीनिशी वॉर्डाच्या फलकावर लावा. रात्री उठून पाणी कोण भरतं, तेही त्या सर्व्हेत विचारा की ओ.