माझं एक मिनिट

नगरपालिकेच्या सभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात असं कळलं होतं, म्हणून तीन मिनिटांचं भाषण आंघोळ करताना पाठ केलं. अर्ध्या दिवसाची रजाही टाकली. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत तीन नगरसेवकांची एक समिती आहे. सॅक्रामेंटोच्या राज्य विधिमंडळात येणाऱ्या विधेयकांवर गावाने काय म्हणायचं, ते ही समिती ठरवते. नुसतं म्हणायचं. मत देता येत नाही, पत्र जातं. त्या दिवशी एसबी ७९, म्हणजे सिनेटचं ७९ क्रमांकाचं विधेयक होतं: रेल्वे स्टेशनांजवळ उंच इमारती होऊ द्या, गावाने आडवं पडायचं नाही. निम्मा पगार घरभाड्यात घालणारा मी, यावर बोलायचंच काय, गायलोही असतो.

सभा पाचला सुरू झाली. आमचा विषय अकरावा.

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा होते. बुडाखाली घरून आणलेली उशी, मांडीवर थर्मास आणि हातात बोलणाऱ्यांनी भरून द्यायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. प्रत्येक चिठ्ठीवर नाव आधीच लिहिलेलं, फक्त विषय क्रमांकाची जागा कोरी. दहाही विषयांवर ते उठले, बोलले, बसले.

"तुम्ही कितव्यासाठी?"

"अकराव्या."

"बाजूने की विरोधात?"

"बाजूने."

"मी विरोधात. माझ्या टोमॅटोंवर सावली पडेल." कधी पडेल तेही त्यांनी सांगितलं: नऊ मजले झाले तर दुपारी सव्वातीनपासून. मग थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून देत म्हणाले, "असं करू, दोघंही घरी जाऊ. हिशेब तोच राहतो."

गणित बिनचूक होतं. ते उठतात का, ते मी बघत राहिलो. मी उठतो का, ते ते बघत राहिले. शेवटी चहा संपला.

समितीकडे प्रत्येक विधेयकासाठी ठरलेले शब्द आहेत. पाठिंबा, विरोध, बदल केलेत तर पाठिंबा, बदल केले नाहीत तर विरोध, आणि 'वॉच'. 'बदल'वाल्या दोघांत फरक काय, असं मी आजोबांना विचारलं.

"पहिल्याच्या पत्रात सुरुवातीला आभार मानतात."

"आणि वॉच म्हणजे?"

"कुणी वाचलेलं नसतं." (कोटी भाषांतरात झाली आहे, आजोबांचा दोष नाही.)

साडेसातला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बोलणारे बरेच आहेत, तेव्हा प्रत्येकी एक मिनिट. बरेच म्हणजे नऊ! त्यातले आठ घरमालक, कारण भाडेकरू संध्याकाळी पाचला कामावर असतो. हे त्या समितीला ठाऊक नाही असं मला वाटत नाही, आणि त्याचाच राग अजून गेलेला नाही.

क्लार्कबाईंनी माझं नाव पुकारलं. माझ्या आडनावात 'ळ' आहे. मी माइकपाशी जाऊन त्यांना दुरुस्त केलं. त्यांनी मनापासून पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा दुरुस्त केलं. घड्याळ मघाशीच सुरू झालं होतं, हे मला दिसलं नाही. त्यापेक्षा लेखी दिलं असतं तर बरं झालं असतं. कागदावर 'ळ' कुणाला अडत नाही. "मी अकरा वर्षं इथे भाड्याने राहतोय आणि" एवढं झालं आणि लाल दिवा लागला. 'आणि'च्या पुढचं सगळं अजून माझ्याकडेच आहे.

आजोबा उठले. टोमॅटो, सूर्य, सावली, सव्वातीन. एकोणसाठाव्या सेकंदाला "धन्यवाद" म्हणून खाली बसले.

निकाल: बदल केले नाहीत तर विरोध. दोन विरुद्ध एक. अध्यक्षांनी आम्हा सगळ्यांच्या विचारप्रवर्तक मनोगतांबद्दल आभार मानले.

बाहेर आलो तर गाडीच्या वायपरखाली दंडाची पावती. कडेला मनाईचा लाल रंग नाही, पाटी नाही. आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलून पावती डोळ्यांशी नेली.

"पादचारी क्रॉसिंगच्या अलीकडे २० फुटांत लावलीत. रंग असो वा नसो, तिथे लावता येत नाही. एबी ४१३ कायदा. २०२५च्या १ जानेवारीपासून दंड करतात."

"पण हे कुणाला माहीत असतं?"

"मला. २०२३ मध्ये मी याच्यावर बोललो होतो. विरोधात."

"मग समितीने काय ठरवलं?"

"वॉच," आजोबा म्हणाले आणि उशी काखोटीला मारून स्टेशनच्या दिशेने निघाले. त्यांना ट्रेन पकडायची होती.