तिसऱ्यांदा ग्रीस, तिसऱ्यांदा पोपट

अरे फोटो कुठल्या जमान्यातले टाकता रे तुम्ही जुन्या बोटी विकणारे ब्रोकर लोक?? लंडनहून जायचं तरी आपल्या भारतीय पासपोर्टवर आधी शेंगेन व्हिसा, त्याचेच ९० युरो, मग विमान, टॅक्सी, आणि ग्रीसमधल्या प्रेवेझाच्या बोटयार्डात पोचलो तर 'एकदम टकाटक' बोटीच्या बुडाला हरभऱ्याएवढे फोड, बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरने एक टोचला तर आतून व्हिनेगरसारखा वास मारणारं चिकट पाणी. म्हणजे ऑस्मोसिस, फायबरग्लासच्या बुडात पाणी मुरून फोड येतात ते. हे फोनवर सांगायला काय तोंड शिवलं होतं? वर ब्रोकर म्हणतो, जुन्या बोटींना असतंच हो! व्हॅट भरल्याचा कागद मागितला तर म्हणे मालकाकडे असेल, आणि मालक कुठे, तर जर्मनीत. काल अजून एका बोटीचे फोटो आलेत. बावीस फोटो, त्यातले पाच सूर्यास्ताचे, बुडाचा एकही नाही.