पाय चाकात घालायचा असतो

लहानपणी मला सायकलच्या कॅरियरवर बसवताना घरातलं प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणायचं: "पाय फाकव, चाकात जाईल." वडील म्हणायचे, आजी म्हणायची, रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर तेही जाता जाता म्हणून घ्यायचं. त्या वयात मिळालेल्या उपदेशांपैकी मी मनापासून पाळलेला हा एकच. पहाटे उठणं, अक्षर सुधारणं वगैरे सगळं वाहून गेलं, पण पाय काही चाकात गेला नाही. थेट 47व्या वर्षापर्यंत.

भाचा शिकायला परगावी गेला आणि जाताना त्याची बीएमएक्स, म्हणजे कसरतींची छोटी सायकल, माझ्या गळ्यात मारून गेला. "मामा, नुसती उभी करून ठेवू नकोस हं, अधूनमधून चालव." चालवायला म्हणून बाहेर काढली. 20 इंची चाकं आणि सीट इतकी खाली, की बसलं की गुडघे हनुवटीशी गप्पा मारतात. (सीट बसायला नसते, हे नंतर कळलं. मग ती सीट कशाला, हे अजून कळलेलं नाही.) दोन्ही चाकांच्या आसांना दोन्हीकडून चार-चार इंचांच्या धातूच्या नळ्या लावलेल्या. मला वाटलं पिशव्या अडकवायला असतील. त्यांना पेग म्हणतात आणि त्यांच्यावर उभं राहायचं असतं. हँडल गरागरा फिरवलं तरी ब्रेकची केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून रोटर नावाची चकती. मागच्या चाकाचा हबही असा, की सायकल उलटी ढकलली तरी पायडल जागचे हलत नाहीत. थोडक्यात, कुठेही जाणं सोडून बाकी सगळं करता येईल अशी चोख व्यवस्था.

या प्रकाराला फ्लॅटलँड म्हणतात, असं भाच्याने फोनवर सांगितलं. उतार नाही, उड्या नाहीत, कठड्यावरून घसरणं नाही. सपाट जागा, सायकल आणि आपण. 'सपाट' ऐकून माझा जीव भांड्यात पडला. सपाट जागेवर माणूस पडून पडून किती पडणार! मग त्याने इतिहासही ऐकवला. 1970च्या सुमारास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या खडबडीत रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतींची, नक्कल सायकलवर करायला लागली, आणि त्या दशकाच्या शेवटी बॉब हॅरोसारख्यांनी शर्यत बाजूला ठेवून सायकलचे खेळ सुरू केले.

"हे ऑलिंपिकमध्ये असतं ना रे?"

"रेसिंग 2008ला बीजिंगमध्ये आलं. रॅम्पवरच्या उड्यांचा 'पार्क' प्रकार टोकियोपासून. फ्लॅटलँड अजून नाही."

बरं झालं. निदान देशाची अब्रू तरी पणाला लागणार नव्हती.

"मग सगळ्यात सोपं काय ते सांग."

"फूटजॅम. याला ब्रेकसुद्धा लागत नाही."

"मग थांबायचं कशाने?"

"पायाने. पुढच्या चाकात पाय घालायचा."

मी फोन कानावरून काढून बघितला. पलीकडे भाचाच होता.

त्यामागचं शास्त्र ऐकायला फार सोपं आहे. चाक पुढे जाताना त्याचा वरचा भाग पुढच्या दिशेने फिरत असतो. चालण्याच्या वेगाने जायचं, एक पाय पायडलवरून उचलायचा आणि त्याचा तळवा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मागून टायरवर ठेवायचा. टायरच तो पाय ओढत नेतो आणि चिमट्याच्या बेचक्यात पाचरीसारखा ठोकून बसवतो. चाक जागच्या जागी थांबतं. सायकलला मात्र अजून पुढे जायचं असतं, म्हणून मागचं चाक वर उठतं. आपण कंबर मागे टाकायची, पुढच्या चाकावर तोल धरायचा, मग पाय काढून घ्यायचा आणि मागचं चाक अलगद खाली आणायचं. व्हिडिओतली पोरं हे सगळं च्युइंगगम चघळत करतात आणि शेवटी म्हणतात, "बस, बिनधास्त पाय टाका."

बिनधास्तपणाला माझी ना नव्हती. पायाची होती.

पार्किंगच्या मोकळ्या कोपऱ्यात मी सायकलला गती द्यायचो, उजवा पाय उचलायचो, आणि तो चाकाच्या वीतभर अलीकडे हवेत थांबायचा. माझाच पाय, पण सरकारी कर्मचाऱ्यासारखा लेखी आदेश मागत होता. चाळीस वर्षांपूर्वी आजीने दिलेला आदेश त्याच्या फाइलीत होता आणि तो रद्द झाल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. पहिले दोन दिवस मी असा एक पाय हवेत धरून त्या कोपऱ्यात गोल गोल फिरलो. वरून बघणाऱ्यांना तो कुठलातरी व्यायाम वाटला असावा, कारण एका आजोबांनी याने गुडघेदुखीला फरक पडतो का, असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी पाय टायरला लागला. टेकला म्हणजे, पाहुण्याने सोफ्याच्या कडेवर टेकावं तसा. खर्रर्र आवाज झाला, रबर जळल्याचा वास आला, बुटाचा तळ जरा गुळगुळीत झाला आणि सायकल निवांत पुढे चालत राहिली. चौथ्या दिवशी मी सगळा राग एकवटून पाय खाली दाबला. चाक थांबलं. मागचं चाक उठलं. त्याबरोबर मीही उठलो आणि हँडलवरून पुढे जाऊन चक्क दोन पायांवर उतरलो. क्षणभर स्वतःचाच अभिमान वाटला. मागून सायकल येतेय, हे मी विसरलो होतो. ती आली, पेग घोट्यात घुसला, आणि पायडल नडगीवर असं बसलं, की त्याच्या खिळ्यांची रांग त्वचेवर मोजता आली. पाच.

नडगी हा अवयव देवाने कशासाठी उघडा ठेवला असेल? सगळ्या अंगावर कुठे ना कुठे थोडं मांस चढवलं आणि नेमकं पुढच्या बाजूला, सगळ्यात आधी आपटणाऱ्या जागी, सामान संपलं.

या सगळ्याला एक कायमचा प्रेक्षक होता. तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी, जिच्या सायकलची छोटी चाकं नुकतीच काढली होती आणि त्यामुळे जिला या विषयात बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला होता.

"काका, तुम्हाला पुढे जायला येत नाही का?"

"येतं गं. मला थांबायचंय."

"मग ब्रेक लावा ना."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कोणाकडेच नाही.

पण तिचा उपयोग झाला. हँडल जरासं वाकडं असलं की मी त्या बाजूला आडवा होतो, हे तिच्याच लक्षात आलं. "तुम्ही पायाकडे बघता. पप्पा म्हणतात, खाली बघितलं की पडतो." मग मी समोरच्या खांबावर नजर लावली. पुढचे काही दिवस ती पायरीवर बसून मागचं चाक किती सेकंद वर राहतं ते मोजायची. "अर्धा. अर्धा. काहीच नाही. हे पडणं होतं."

अकराव्या दिवशी पाय टाकला तेव्हा खर्रर्र झालंच नाही. एक छोटासा, भरीव 'ठप' आवाज. बूट चिमट्यात फिट्ट. मागचं चाक उठलं आणि वरच राहिलं. खांब समोर होता, कंबर मागे होती, हात सरळ होते, आणि सायकल माझ्या एका तळपायावर तोलून उभी होती. भोवतालचं सगळं विलक्षण शांत झालं. मागचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं, तेवढंच.

"एक... दोन... काका, दोन!"

पाय काढला. चाक खाली आलं. मी सायकलवरच होतो.

ती टाळ्या वाजवत धावत आली, तिने आपली गुलाबी सायकल उचलली, थोडी ढकलली आणि सँडलमधला इवलासा पाय पुढच्या चाकाकडे नेला.

"ए! पाय चाकात जाईल!" मी ओरडलो.

तिने पाय मागे घेतला. मग माझ्या बुटाकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे.