‘कंपनीची गाडी 30 टक्के स्वस्त’: कोणाला, आणि कधी?

गेल्या आठवड्यात भाच्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, हे खरं आहे का? एचआरला शुक्रवारपर्यंत कळवायचंय.” मेसेजचा मजकूर साधारण असा होता: कार अलाउन्स घेऊ नका, त्यावर पूर्ण कर लागतो. कंपनीकडून लीजवर गाडी घ्या. भाडं करमुक्त, पेट्रोल करमुक्त, म्हणजे गाडी सरळ 30 टक्के स्वस्त. शेवटी तीच गाडी नाममात्र किमतीत तुमच्या नावावर.

पगारपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. पुढचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आणि नव्या कर-व्यवस्थेतले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यापुढच्या वर्षांसाठी ते ताडून घ्यावेत.

आधी ‘करमुक्त’ या शब्दाबद्दल. गाडी ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांना वापरली आणि खर्च कंपनीने केला, तर 2025-26 च्या नियमांप्रमाणे 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा 1,800 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी 2,400 रुपये तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर लावतात. ड्रायव्हर दिला असेल तर आणखी 900. भाडं महिना 30,000 असलं तरी करासाठी धरतात ते 1,800च. सवलत खरोखर मोठी आहे, आणि ती नव्या कर-व्यवस्थेतही मिळते. पण ती मिश्र वापरासाठी आहे. गाडी निव्वळ घरच्या कामांसाठी असेल तर कंपनीने भरलेलं अख्खं भाडं, पेट्रोल, देखभाल, सगळं तुमचं उत्पन्न ठरतं. कंपनीने दोन गाड्या दिल्या असतील तर हा ठोक दर एकीलाच लागतो, दुसरी पूर्ण खासगी वापराची धरतात. तुमच्या बाबतीत काय धरलंय ते फॉर्म 12बीए मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या सोयी-सवलतींच्या तक्त्यात दिसतं. बहुतेक जण तो उघडूनही बघत नाहीत.

आता ते 30 टक्के. माझी खरी हरकत इथे आहे, कारण हा आकडा फक्त 24 लाखांच्या वर करपात्र उत्पन्न असलेल्यांचा आहे.

लीजचं भाडं तुमच्या पगारातूनच वळतं होतं, आणि तेवढा करपात्र पगार कमी होतो. ते महिना 30,000, म्हणजे वर्षाला 3,60,000 धरू. छोट्या इंजिनाचे 21,600 पगारात परत मिळवले की करपात्र उत्पन्न 3,38,400 ने कमी होतं. पगार 30 लाख असेल तर सेससकट वर्षाला सुमारे 1,05,600 रुपये कर वाचतो. भाच्याचा पगार 18 लाख आहे. त्याचे वाचतात सुमारे 59,300. म्हणजे भाड्याच्या साडेसोळा टक्के, मेसेजमध्ये सांगितलेल्याच्या जेमतेम निम्मे. आणि ज्याचा पगार साडेबारा लाख आहे, त्याचा वाचतो शून्य रुपये. प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) आणि रिबेट (12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरची करमाफी) धरून पावणेतेरा लाखांपर्यंत त्याला मुळात करच नाही.

15 लाखांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते मेसेजवाल्याच्याही लक्षात आलेलं नाही. गाडीमुळे करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या खाली उतरतं, रिबेट लागू होते आणि 97,500 रुपयांचा कर पूर्ण जातो. म्हणजे 18 लाखवाल्यापेक्षा 15 लाखवाल्याची बचत जास्त. तरीसुद्धा कर वाचावा म्हणून पगाराचा चौथा हिस्सा गाडीत घालू नये, असं मी त्याला सांगेन. कंपनी पगारातून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत भरत असेल तर तेही नव्या व्यवस्थेत वजा होतं, आणि ते पैसे आपल्याच नावावर राहतात.

मेसेजमध्ये जीएसटीचा उल्लेखच नाही. गाडी विकताना जो दर लागतो तोच तिच्या भाड्यालाही लागतो: सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांना 18 टक्के, मोठ्यांना 40, इलेक्ट्रिकला 5. लीज कंपनीला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, त्यामुळे गाडीच्या मूळ किमतीवर तो दुप्पट बसत नाही. पण भाड्यात लीज कंपनीचं व्याज आणि नफाही असतो, त्यावरही जीएसटी लागतो. बँकेच्या कर्जाच्या व्याजावर तो नसतो. चार वर्षांत व्याजाचा भाग 2 लाख धरला तर छोट्या गाडीवर 36,000 आणि मोठीवर 80,000 रुपये जादा जातात. मोठ्या गाडीत भाच्यासारख्याची सव्वा वर्षाची बचत तेवढ्यात संपू शकते.

‘शेवटी नाममात्र किमतीत नावावर’ हे तर फारच सावधपणे घ्यावं. गाडी कंपनीच्या मालकीची असेल तर दर पूर्ण वर्षाला 20 टक्के घट धरून तिची किंमत काढतात, तीही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. 12 लाखांची गाडी चार वर्षांनी 4,91,520 रुपयांची धरली जाते. ती तुम्हाला 1,20,000 ला दिली, तर मधले 3,71,520 त्या वर्षीच्या पगारात येतात. मालकी लीज कंपनीची असेल तर व्यवहाराची रचना वेगळी असते. म्हणून आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) नाव कोणाचं, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

अलाउन्सबद्दलचं वाक्य बरंचसं बरोबर आहे. ठोक रक्कम मिळाली तर तिच्यावर पूर्ण कर. (महिना 1,600 रुपयांची जुनी वाहतूक सवलत 2018 मध्येच गेली, तरी ती अजून अशा मेसेजांतून फिरते.) पण मधला एक रस्ता कोणी सांगत नाही. गाडी स्वतःची ठेवा आणि पेट्रोल-देखभालीचा खर्च बिलं देऊन कंपनीकडून घ्या. मिश्र वापरात त्यातले दरमहा 1,800 किंवा 2,400 करातून सुटतात. ऑफिसच्या कामाच्या फेऱ्यांची नीट नोंद ठेवली आणि कंपनीने दाखला दिला तर जास्तही सुटतात. ज्याची जुनी गाडी धडधाकट आहे आणि महिन्यातले आठ दिवस ग्राहकांकडे जाण्यात जातात, त्याला मी हेच सुचवते.

भाच्याला मी उलट एकच विचारलं: इथे चार वर्षं राहणार आहेस का? तो म्हणाला, दीड-दोन वर्षं. मुदतीआधी नोकरी सोडली तर उरलेले हप्ते, करार मोडण्याचा आकार, नाहीतर गाडी त्या दिवशीच्या हिशोबाने विकत घेणं, यातलं काहीतरी गळ्यात पडतं. नवी कंपनी लीज आपल्याकडे घेईलच असं नाही. एचआरने त्याला भाड्याचा तक्ता दिला होता, करारनामा दिला नव्हता. तो आता त्याने मागवलाय, आणि शुक्रवारची मुदत महिनाभर पुढे ढकलून घेतली आहे.