मावशीचा तिसरा, आईचा आठवा

ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे ब्रिटनमध्ये आईला कोविडचा डोस घ्यायला नेलं. औषधांच्या दुकानात, शाम्पूच्या बाटल्यांमागे एक चिंचोळी खोली. फार्मासिस्टने जन्मतारीख विचारली, ॲलर्जी विचारली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. आईच्या स्वेटरची बाही वर सरकेना, त्यातच निम्मा वेळ गेला. हा तिचा आठवा डोस.

बातमी फॅमिली ग्रुपवर पोचली आणि साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अगं, ताईला आठवा? मला तिसऱ्यानंतर कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि इथे तर म्हणतात, लसीमुळेच तरणीताठी पोरं पटापट जातायत!"

एका दमात दोन उलटे प्रश्न. लस कमी पडली का, आणि लस जास्त झाली का?

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. मावशी ७२ वर्षांची. ती ब्रिटनमध्ये असती तरी तिला बोलावणं आलं नसतं. इथे त्या हिवाळ्यासाठी फुकट डोस फक्त पंचाहत्तरीपुढच्यांना, वृद्धाश्रमातल्यांना आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होता. त्याआधीच्या वर्षापर्यंत पासष्टीची अट होती, ती वाढवली. मी ४७ वर्षांची, माझा शेवटचा डोस डिसेंबर २०२१ चा. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट लोकांसाठी बूस्टरची खिडकी फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाली. लस आणि संसर्ग मिळून बहुतेकांच्या अंगात बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती आली आहे. डोसचं जादा संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. मग ज्यांना हॉस्पिटलात दाखल व्हावं लागायचा धोका जास्त, त्यांच्यावरच खर्च करायचा, असा हिशोब. हिशोब पैशांचाही आहे, आणि ते इथे लपवत नाहीत.

आपल्याकडे १० जानेवारी २०२२ ला 'प्रिकॉशन डोस', म्हणजे तिसरा डोस, सुरू झाला, जुलैत सगळ्या प्रौढांना ७५ दिवस फुकट मिळाला. १७ जुलैला २०० कोटी डोसांचा टप्पा गाजावाजात साजरा झाला. पुढचे डोस थांबले यात मला फारसं चुकीचं वाटत नाही. देश तरुण आहे, संसर्ग घरोघरी होऊन गेला होता. पण "आता पुरे, आणि का पुरे" हे मावशीला कुणी सांगितलं नाही. ते काम मग फॉरवर्डांनी केलं.

राहिला दुसरा प्रश्न. तरण्या पोरांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांचा अभ्यास केला. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. घराण्यातला अशा अचानक मृत्यूंचा इतिहास, कोविडसाठी झालेलं ॲडमिशन, बेसुमार दारू, मृत्यूच्या थोडं आधी केलेले अतिश्रम ही कारणं पुढे आली. मावशी म्हणाली, "पण आमच्या शेजारचा मुलगा दारूला शिवत नव्हता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेलेल्या पोराच्या घरात अभ्यासाचे आकडे कोण घेऊन जाणार?

एप्रिल २०२४ च्या शेवटी कोविशील्ड लसीमुळे क्वचित रक्तात गुठळ्या होतात अशी बातमी आली तेव्हा मावसभाऊ डी-डायमर (गुठळ्यांसाठीची रक्ततपासणी) करून घेऊ का विचारत होता. प्लेटलेट्स घटून होणाऱ्या त्या दुर्मीळ गुठळ्या लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात, तीन वर्षांनी नाही. ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्येच तिशीच्या आतल्यांना, मेमध्ये चाळिशीच्या आतल्यांना याऐवजी वेगळी लस सुचवली. जमलं, कारण दुसऱ्या लसी हाताशी होत्या. आपल्याकडे सांगितलंच नाही असंही नाही. १७ मे २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने अशा २६ संभाव्य घटना, दहा लाख डोसांमागे ०.६१, असं जाहीर केलं होतं, लक्षणंही दिली होती. पण तेव्हा लोक ऑक्सिजन सिलिंडर शोधत होते. कोण वाचणार?

इथल्या कारभाराचं फार कौतुकही नको. याच ब्रिटनने पुण्यात बनलेली कोविशील्ड स्वतःच्या लोकांना टोचली, आणि भारतात तीच लस घेऊन आलेल्यांना मात्र ११ ऑक्टोबर २०२१ पर्यंत दहा दिवस कोंडून ठेवलं.

"मग मी घेऊ की नको?" मावशीने शेवटी विचारलं. तिला मधुमेह आहे. म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि फ्लूच्या लसीचंही विचार.

"बरं. ताईचा दंड दुखतोय का गं?"

दुखत होता. आई त्या रात्री उजव्या कुशीवर झोपली.