44 टक्के आणि फॉरवर्डमध्ये गळलेला मजकूर

एक फॉरवर्ड गेल्या आठवड्यात माझ्या तीन ग्रुपांवर येऊन पडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एचआयव्ही होऊ नये म्हणून गे आणि बाय पुरुष ‘प्रेप’ची जी गोळी घेतात, ती 44 टक्केच चालते, धडधाकट माणसाची किडनी बिघडवते, आणि मुळात हा मोकाट वागायचा परवाना, तोही आपल्या करातून फुकट.

यातला 44 हा आकडा खरा आहे, म्हणून तर तो सहज गळी उतरतो. तो 2010 साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स चाचणीतला. सहा देश, 2,499 जण. पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. साधारण निम्म्यांना टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिनची, म्हणजे प्रेपची गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. पुढे औषधाच्या गटात 36 जणांना लागण झाली, दुसऱ्या गटात 64 जणांना. म्हणजे लागण 44 टक्क्यांनी कमी, तिथून आला हा आकडा. फॉरवर्ड लिहिणारा इथे थांबला, पण संशोधकांनी पुढे जाऊन रक्त तपासलं. औषधाच्या गटातल्या लागण झालेल्या ज्या 34 जणांचे नमुने तपासले, त्यांतल्या फक्त तिघांच्या रक्तात औषध सापडलं. उरलेल्यांनी डबी नेली होती, पण गोळी नेमाने घेतली नव्हती. ज्यांच्या रक्तात औषध होतं, त्यांच्यात धोका 92 टक्क्यांनी कमी भरला. थोडक्यात, त्या 44 टक्क्यांत न खाल्लेल्या गोळ्यांचंही अपयश मोजलेलं आहे.

नंतर इंग्लंडमध्ये प्राउड चाचणी झाली. 544 पुरुष, काहींना गोळी लगेच, काहींना वर्षभराने. लगेच घेणाऱ्यांत लागण तिघांना, थांबलेल्यांत 20 जणांना. 2014 मध्येच ठरलं की आता कुणालाच थांबवून ठेवायचं नाही, सगळ्यांना गोळी द्या.

‘परवाना’ म्हणणाऱ्यांनी हीच चाचणी पाहावी. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या इतर आजारांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात गोळी सुरू झाल्यावर काही जण कंडोम सोडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि सिफिलिस किंवा गनोरिया ही गोळी अडवत नाही. पण प्रेपवर असलेल्याला दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. माझ्या एका मित्राचा सिफिलिस अशाच तपासणीत सापडला. ना पुरळ, ना ताप. इंजेक्शनवर भागलं. गोळी नसती तर हा गडी लॅबची पायरी चढला असता का, शंकाच आहे.

किडनीचं म्हणाल, तर टेनोफोव्हिरने रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं माप, थोडं वर जाऊ शकतं. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर ते पूर्ववत होतं. म्हणून तर सुरुवातीला आणि अधूनमधून रक्त तपासतात. हेपटायटिस बीसुद्धा पाहतात, कारण तो असताना गोळी मनाने बंद केली तर यकृताला त्रास होऊ शकतो. एचआयव्हीची तपासणी तर आधी हवीच: लागण झालेली असताना ही दोनच औषधं घेत राहिलं तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. ‘निरोगी माणसाने औषध का खावं’ हा प्रश्न मात्र आफ्रिकेत कामाला जाताना मलेरियाची गोळी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही.

राहिलं ‘फुकट’. 2004 पासून सरकार मोफत देतं त्या एचआयव्ही झालेल्यांच्या एआरटीच्या, म्हणजे उपचाराच्या गोळ्या. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय. माझा मित्र प्रेप स्वतःच्या पैशाने घेतो. पहिल्यांदा गेला तेव्हा केमिस्टने चिठ्ठी वाचून, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, “एचआयव्हीची आहे ही, कुणाला झालाय?”

“कुणाला नाही,” हा म्हणाला. “म्हणूनच घेतोय. बिल द्या.”